फुप्फुसातल्या गाठी आणि आठ वर्षांपूर्वीचा ब्लॉक : पॅथॉलॉजीच्या ‘दुसऱ्या मता’च्या एका सेवेविषयी

फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींची, शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे उलटल्यावर छातीच्या एक्स-रेमध्ये अचानक गोल गाठी दिसल्या आणि कोणी ‘पसरलेला कर्करोग’ हे शब्द उच्चारले, तर पुढचे उपचार सुरू होण्याआधी त्या बाईने काय करून घ्यावे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. मी स्त्रीरोगांच्या पॅथॉलॉजीत विशेष काम असलेल्या एका केंद्राकडून, जुन्या आणि नव्या नमुन्यांच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात रुतवून जपून ठेवलेले नमुन्याचे तुकडे) मागवून दुसरे मत देण्याची सेवा घेतली. सेवेत उणिवा होत्या आणि त्या पुढे लिहिल्या आहेत. माझ्या आजाराचा उलगडा मात्र तिथेच झाला, आणि तो कसा झाला हे सविस्तर सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही.

माझी गर्भाशयाची पिशवी एक्केचाळिसाव्या वर्षी काढली. गाठी बऱ्याच होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता, आणि शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाल्यामुळे पिशवी यंत्राने तुकडे करून बाहेर काढावी लागली. दोन्ही अंडाशय ठेवले होते. रिपोर्टमध्ये ‘लायोमायोमा’, म्हणजे साध्या गाठी, असे लिहिले होते आणि तो विषय आमच्या घरात तिथेच संपला होता. आठ वर्षांनी पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेआधी नेहमीचा एक्स-रे काढला, तेव्हा मला ना खोकला होता ना धाप लागत होती. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत मिळून अकरा गाठी निघाल्या. सर्वांत मोठी १४ मिलिमीटरची होती आणि सगळ्यांच्या कडा गुळगुळीत होत्या. सुईने पेशी घेतल्या, पाठोपाठ जाड सुईने बायोप्सी झाली, आणि रिपोर्ट आला की स्पिंडल सेलची, म्हणजे लांबट पेशींची, गाठ आहे व सार्कोमाची, म्हणजे स्नायूंसारख्या ऊतींच्या कर्करोगाची, शक्यता विचारात घ्यावी. त्याच दिवशी केमोथेरपीच्या तारखांची बोलणी सुरू झाली. माझ्या फाइलमध्ये जुन्या शस्त्रक्रियेची नोंद ‘पिशवी काढलेली आहे’ एवढ्या एका ओळीत होती. ती कशासाठी काढली, हे त्या रुग्णालयात मला एकाही डॉक्टरने विचारले नाही. माझी तक्रार रिपोर्टबद्दल नाही, कारण हातात आलेल्या तेवढ्याशा नमुन्यावर पॅथॉलॉजिस्टने जे लिहिले ते सावधपणेच लिहिले होते. न विचारलेल्या त्या एका प्रश्नाबद्दल मात्र मला आजही वाईट वाटते.

प्रश्न महत्त्वाचा होता, कारण गर्भाशयातील साध्या गाठी क्वचित फुप्फुसांतही आढळतात. या आजाराला ‘बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा’ म्हणतात आणि नावातच विसंगती आहे : ‘बिनाइन’ म्हणजे निरुपद्रवी, आणि ‘मेटास्टसायझिंग’ म्हणजे दूरच्या अवयवात पसरणारी. १९३९ साली पॉल स्टायनर यांनी अशा एका रुग्णाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून या विसंगतीवर पॅथॉलॉजिस्ट वाद घालत आले आहेत. फायब्रॉइड किती सर्वत्र आढळतात हे लक्षात घेतले तर हा प्रकार फारच विरळा आहे. तो बहुधा अशा स्त्रियांत दिसतो ज्यांची फायब्रॉइडची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया आधी झालेली असते, आणि दोहोंमधले अंतर काही महिन्यांपासून वीस वर्षांहूनही अधिक असू शकते. बहुतेकींना काहीच त्रास नसतो आणि गाठी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडतात. फुप्फुसे हे त्यांचे सर्वांत नेहमीचे ठिकाण असले तरी लसीका ग्रंथी, हाडे, त्वचा, इतकेच काय हृदयातही त्या आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

सेवेची सुरुवात ऑनलाइन अर्जाने झाली आणि तो अर्ज मला खटकला. ‘कर्करोगाचा प्रकार’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता आणि त्यात ‘निदान अजून ठरलेले नाही’ असा पर्यायच नव्हता. शेवटी ‘इतर कर्करोग’ यावर खूण करावी लागली. जिला नेमके तेच ठाऊक नाही आणि तेच विचारायला जी आली आहे, तिच्याकडून ही खूण करून घेणे चुकीचे आहे, आणि मी त्यांना तसे लेखी कळवले आहे. त्यानंतर समन्वयक बाईंचा फोन आला आणि त्या फोनपासून सेवेबद्दलचे माझे मत पालटले. त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारले, “गर्भाशय कोणत्या कारणासाठी काढले, आणि त्या वेळचे ब्लॉक कोणत्या प्रयोगशाळेत आहेत?” नवी बायोप्सी त्यांना हवी होतीच, पण त्याहून अधिक आग्रह जुन्या ब्लॉकचा होता, आणि तोही एखाद्या ब्लॉकचा नव्हे, तर असतील तेवढ्या सगळ्यांचा.

या आग्रहामागचे कारण त्यांनी समजावून सांगितले. तुकडे करून काढलेल्या गर्भाशयात कोणता तुकडा कोणत्या गाठीचा, हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही. सगळ्या तुकड्यांची तपासणी शक्य नसते म्हणून त्यांतले काही निवडले जातात, आणि साध्या गाठींच्या ढिगात एखादी वेगळी गाठ लपलेली असेल तर ती निवडीतून निसटू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तुकडे करणाऱ्या या यंत्राविरुद्ध इशारा दिला होता. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीच्या गर्भाशयात आधी लक्षात न आलेला सार्कोमा असतो, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता, आणि तुकडे करताना तो पोटात पसरण्याचा धोका असतो. म्हणून ‘फुप्फुसातली गाठ साधी आहे’ असे म्हणण्याआधी ‘गर्भाशयातली गाठ खरोखर साधीच होती का’ हे नव्याने पाहावे लागते. हा क्रम मला त्या फोनवर कळला, आणि तो कळल्याने भीती कमी झाली नाही, पण तिला एक दिशा मिळाली.

ब्लॉक मिळवण्याचे काम रुग्णालाच करावे लागते आणि ते सोपे नाही. ब्लॉक किती वर्षे सांभाळून ठेवायचे याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचे ब्लॉक असतील की नाही या काळजीत माझे तीन दिवस गेले. ते होते. प्रयोगशाळेच्या साठवणीच्या खोलीतून आणलेल्या त्या नऊ प्लास्टिकच्या चौकटी मी पहिल्यांदाच हातात घेतल्या. काडेपेटीहून लहान, एका बाजूला जाळी, कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक आणि साल, आणि आत पांढरट मेणात रुतलेला, बोटाच्या पेरापेक्षा लहान असा फिकट तुकडा. माझ्या शरीराचा हा भाग आठ वर्षे एका खणात पडून होता आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच होते, या विचाराने मी पावतीवर सही करताना थबकले. केंद्राने पाठवलेली नमुन्यांची पेटी उत्तम होती : प्रत्येक ब्लॉकला वेगळा कप्पा, उन्हाने मेण वितळू नये म्हणून आतून अस्तर, आणि प्रयोगशाळेला द्यायचे छापील पत्र, ज्यात ब्लॉक परत करण्याची हमी लिहिलेली होती. त्या पत्रावाचून प्रयोगशाळेने ते दिले नसते, असे तिथल्या कर्मचाऱ्याने मला स्पष्ट सांगितले.

आता या सेवेतल्या मला सर्वांत मोलाच्या वाटलेल्या भागाविषयी. अहवाल तयार झाल्यावर पॅथॉलॉजिस्ट स्वतः रुग्णाशी व्हिडिओवर बोलतात आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र पडद्यावर दाखवतात. माझ्याशी बोललेल्या डॉक्टर बाईंनी पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे आठ वर्षांपूर्वीच्या गर्भाशयातला काप होता आणि उजवीकडे दोन महिन्यांपूर्वीच्या फुप्फुसातल्या बायोप्सीचा. दोन्हीकडे गुलाबी रंगाच्या लांबट पेशींच्या जुड्या एकमेकींना छेदत गेल्या होत्या, जणू विंचरलेल्या केसांच्या बटा आडव्यातिडव्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक पेशीत दोन्ही टोके बोथट असलेले निळसर केंद्रक होते. त्यांनी विचारले, “डावे कोणते आणि उजवे कोणते, हे खालचे क्रमांक झाकले तर तुम्हाला ओळखता येईल का?” मला ओळखता आले नसते. उजव्या चित्राच्या कडेला मात्र फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांची नाजूक जाळी दिसत होती आणि तेवढ्यावरूनच तो काप कुठला हे कळत होते. सुईने घेतलेले पहिले दोन नमुने झाल्यापासून मला कोणी काही दाखवले नव्हते. त्या चाळीस मिनिटांत मी माझा आजार डोळ्यांनी पाहिला.

मग त्यांनी सार्कोमा ओळखताना काय काय शोधतात ते दाखवले. केंद्रके वेडीवाकडी आणि आकाराने विषम आहेत का, पेशींचे विभाजन किती ठिकाणी चालू आहे, आणि गाठीत मृत झालेल्या पेशींचे पट्टे आहेत का, या तीन गोष्टी मुख्य. नऊही ब्लॉकचे नवे काप घेऊन त्यांनी या तिन्हींचा शोध घेतला होता आणि गर्भाशयाच्या गाठींत त्यांतले काही सापडले नव्हते. बायोप्सीतही सापडले नव्हते. परंतु येथे त्यांनी स्वतःहून एक मर्यादा सांगितली, आणि त्या प्रामाणिकपणामुळे माझा विश्वास अधिक बसला : बायोप्सीचे तुकडे सुईच्या जाडीचे असतात, विभाजने मोजायला पुरेसे क्षेत्र त्यांत नसते, आणि म्हणून ‘या नमुन्यापुरते’ हे शब्द अहवालात राहणारच. एखादी गाठ वाढू लागली तर ती दुर्बिणीतून पूर्ण काढून पुन्हा तपासावी, असे त्यांनी तेव्हाच सुचवले.

पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत हे ओळखण्यासाठी केलेल्या विशेष रंगांच्या तपासण्यांचा भागही त्यांनी चित्रांसह समजावला. डेस्मिन आणि स्मूथ मसल ॲक्टिन हे दोन्ही रंग चढले, म्हणजे पेशी स्नायूच्या. एचएमबी-४५ चढला नाही, आणि तो चढला असता तर फुप्फुसांचा लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस हा अगदी वेगळा आजार विचारात घ्यावा लागला असता, ज्यातही मऊ स्नायूंसारख्याच पेशी वाढतात पण ज्याची वाटचाल आणि उपचार निराळे असतात. केआय-६७ हा वाढीचा वेग सुचवणारा रंग फार थोड्या पेशींनी घेतला होता. आणि शेवटी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हॉर्मोनांचे ग्राहक, म्हणजे ती हॉर्मोने ओळखणारे पेशीतले रेणू : फुप्फुसातल्या पेशींची केंद्रके एकामागून एक तपकिरी झालेली पाहताना मला प्रथमच पटले की छातीतल्या या गाठी अजूनही गर्भाशयाचीच भाषा ओळखतात. हा केवळ निदानाचा पुरावा नाही, उपचारांची वाटही त्यातूनच निघते.

मी त्यांना विचारले की दोन ठिकाणी एकसारख्या गाठी आहेत म्हणजे एक दुसरीतूनच आली असे कशावरून, फुप्फुसात ती आपसूक उगवली नसेल का. या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मी तेव्हाच टिपून घेतले. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि गर्भावस्थेतच त्यांपैकी एक निद्रिस्त होते. कोणते, हे पेशीपेशीगणिक वेगळे असते, पण एकदा ठरले की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत तेच राहते. म्हणून एकाच पेशीपासून वाढलेल्या गाठीत सगळीकडे तेच एक्स झोपलेले सापडते. अशा रुग्णांच्या गर्भाशयातल्या आणि फुप्फुसांतल्या गाठी या कसोटीवर तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत तेच एक्स निद्रिस्त आढळले, आणि फुप्फुसातल्या अनेक गाठींतही तसेच आढळले. योगायोगाने एकदा जुळू शकते, पण प्रत्येक गाठीत जुळत गेले तर त्या एकाच मूळ पेशीच्या संतती आहेत हे मानावे लागते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गाठींत १९व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या टोकांचे तुकडे गळालेले दिसले, आणि गर्भाशयातल्या थोड्याशा लायोमायोमांतही हाच बदल असतो. गर्भाशयाच्या शिरांतून रक्त उजव्या हृदयात आणि तिथून फुप्फुसांत जाते, तेव्हा वाटेत सुटलेल्या पेशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकाव्यात, हे मलाही समजण्यासारखे होते. शस्त्रक्रियेमुळेच पेशी सुटतात का, यावर मात्र त्यांनी हो किंवा नाही असे म्हटले नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांतही हा आजार आढळला आहे, एवढेच त्यांनी सांगितले. मला त्या शस्त्रक्रियेवर आणि ती करणाऱ्यांवर राग धरायचा नव्हता, आणि या उत्तराने तो धरण्याचे कारणही उरले नाही.

लेखी अहवाल तीन पानांचा होता. डॉक्टरांसाठीचा भाग माझ्या छातीच्या तज्ज्ञांनी ‘नीट बांधलेला’ असे म्हणून वाखाणला : प्रत्येक ब्लॉकचा क्रमांक, त्यात काय दिसले, कोणते रंग केले, आणि शेवटी निदान, त्याची खात्री व मर्यादा. रुग्णासाठीचे पान मात्र निराशाजनक होते. त्यात ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द चार वेळा होता आणि एकदाही त्याचा खुलासा नव्हता. माझ्या मुलीने ते पान वाचले आणि ती रडू लागली, कारण तिच्या दृष्टीने त्या शब्दाचा एकच अर्थ होता. मी तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी सुधारित पान आले, ज्यात ‘या पेशी कर्करोगाच्या नाहीत’ हे वाक्य सर्वांत वर होते. ते पहिल्याच पानावर आधीपासून असायला हवे होते.

वेळेबाबतही मला बोलले पाहिजे. सात कामाचे दिवस सांगितले होते आणि एकोणीस लागले. नऊ ब्लॉकचे नवे काप आणि वाढीव रंग यांमुळे उशीर झाला हे पटण्यासारखे आहे, आणि तो वेळ त्यांनी घ्यावाच असे मी म्हणेन. पण मधल्या दहा दिवसांत एक निरोपही आला नाही. केमोथेरपीची तारीख पुढे ढकलून घरी बसलेल्या बाईसाठी ते दहा दिवस फार मोठे असतात. ‘काप तयार आहेत, रंग चालू आहेत’ एवढा दोन ओळींचा संदेश पुरला असता.

उपचारांविषयी ही सेवा सल्ला देत नाही आणि हे अर्जावरच स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे तो दोष धरता येत नाही. अहवाल घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञ, छातीचे तज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांना एकत्र बसवले. गाठी हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या असल्यामुळे त्यांच्यासमोर अनेक वाटा होत्या : अंडाशय काढणे, इंजेक्शनने अंडाशयांचे काम थांबवणे, इस्ट्रोजेन तयार होऊ न देणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या, शक्य तेथे गाठी शस्त्रक्रियेने काढणे, किंवा नुसते लक्ष ठेवणे. इंजेक्शने दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, हेही त्यांनी तिथेच सांगितले. माझ्या बाबतीत गाठी लहान, त्रास काही नाही आणि रजोनिवृत्ती जवळ आलेली, म्हणून लक्ष ठेवण्याचे ठरले. इस्ट्रोजेनच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर आधी आम्हाला विचारा, अशी तंबी स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिली. सहा महिन्यांनंतरच्या सीटीमध्ये अकराही गाठींच्या आकारात बदल नव्हता, आणि रेडिऑलॉजिस्टने या वेळी रिपोर्टमध्ये ‘सार्कोमा’ऐवजी केंद्राने दिलेले निदान लिहिले, कारण त्या अहवालाची प्रत मी सोबत जोडली होती. केमोथेरपीचे एकही सलाइन मला लागले नाही.

ब्लॉक महिन्याभरात परत आले. नऊपैकी दोन थोडे झिजले होते, कारण नव्या कापांसाठी त्यांतला पदार्थ वापरला गेला होता, आणि तसे सोबतच्या पत्रात क्रमांकांसह नमूद केले होते. उरलेल्या न रंगवलेल्या स्लाइडही त्यांनी पुढे लागतील म्हणून पाठवल्या, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. पेटी मी स्वतः जुन्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. हे ब्लॉक ठरलेल्या मुदतीनंतरही नष्ट करू नयेत, असा अर्ज देता येतो का हे मी तिथे विचारले. देता येतो, असे कळल्यावर त्याच टेबलापाशी बसून तो लिहिला आणि त्याची पोच सीटीच्या फिल्मसोबत फाइलमध्ये लावली.